न मिसळणाऱ्या द्रवांचा तास : आदल्या दिवशीची तयारी

मोजपात्रातले रंगीत थर पाहून वर्ग खूश होतो, आणि जाताना चुकीची समजूत घेऊन जातो: थर दिसले म्हणजे द्रव मिसळत नाहीत. काकवीवर अलगद पाणी ओतले तरी थर दिसतो, पण हलवले की दोन्ही एकजीव. म्हणून मोजपात्राच्या आधी चार परीक्षानळ्या मांडा, प्रत्येकीत पाच-पाच मिली: काकवी-पाणी, पाणी-शेंगतेल, शेंगतेल-स्पिरिट, पाणी-स्पिरिट. बूच लावून वीसदा हलवा, दहा मिनिटे स्टँडला उभ्या ठेवा. पहिली आणि शेवटची नळी एकच द्रव होऊन बसते, मधल्या दोन फुटून वेगळ्या होतात. स्पिरिटच्या नळीत तेल खाली बसते. पाण्यावर तरंगणारे तेच तेल इथे बुडाले कसे, हा प्रश्न मुलांनीच विचारायला हवा. तुम्ही आधी सांगू नका.

सामान किराणा आणि औषधाच्या दुकानातच मिळते. काकवी दाट घ्या, घनता १.३ ग्रॅम प्रति मिलीच्या वर (पुढचे आकडेही याच एककात). गुऱ्हाळे सुरू असतील तर ताजी मिळते, पण पातळ असेल तर पाण्याशी सीमा लगेच पुसट होते. शेंगतेल साधारण ०.९१. खोबरेल नको, ते २४ अंशांच्या आसपास थिजते आणि डिसेंबरच्या सकाळच्या तासाला तुमच्या हाती गोठलेला गोळा येतो. स्पिरिट म्हणजे ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, घनता सुमारे ०.८८. लेबल वाचूनच घ्या. ते पेट घेते, त्यामुळे तासभर बर्नर बंद.

रंगाचे काम आदल्या रात्री उरकावे. खाण्याचा निळा रंग पाण्यात विरघळतो, तेलात नाही, त्यामुळे तेलासाठी आपली तर्रीच कामाला येते: १०० मिली शेंगतेल कोमट करून त्यात दोन चमचे ब्याडगीची पूड, मंद आचेवर पाच मिनिटे, मग फडक्यातून दोनदा गाळायचे. ब्याडगी रंगाला गडद, तिखटाला बेताची. लवंगी घेतली तर वर्ग शिंकत बसेल. गाळण्यात कसूर झाली तर पुडीचे कण पाण्याच्या सीमेवर अडकतात आणि थर गढूळ दिसतो. नंतर हात साबणाने धुवा, डोळ्याला लावू नका.

मुख्य मोजपात्र २५० मिलीचे, पूर्ण कोरडे. काकवी किंचित कोमट करून लांब नळीच्या नरसाळ्याने थेट तळाशी ५० मिली. भिंतीला लागली तर ओघळ शेवटपर्यंत दिसतात. मग निळे पाणी ५० मिली, मोजपात्र तिरके धरून काठावरून ड्रॉपरने. त्यावर लाल तेल ५० मिली, पुन्हा तसेच. सगळ्यात वर स्पिरिट ३० मिली, आणि इथेच घात होतो: तेल आणि स्पिरिट यांच्या घनतेत फरक थोडा, धार जोरात पडली की स्पिरिट तेल भेदून खाली पाण्यात जाते आणि परत वर येत नाही. तेव्हा थेंबथेंबच. भांडी घासायचे द्रव काही जण मधल्या थराला वापरतात. आम्ही ते टाळतो, कारण जरासा धक्का लागला की तेल-पाण्याची सीमा दुधाळ होते. त्याचा खरा उपयोग परीक्षानळीत आहे: पाणी-तेलाच्या नळीत दोन थेंब घालून परत हलवा, आता तास संपला तरी ती फुटणार नाही.

वेळ उरला तर निळ्या पाण्याच्या चंचुपात्रात दोन बोटे तेल आणि वरून चिमूटभर जाडे मीठ. मिठाचे खडे तेलाचे थेंब ओढून तळाशी नेतात, मीठ विरघळले की थेंब सुटून वर येतात.

मांडणी तासाच्या अर्धा तास आधी, तास दुपारचा असेल तर सकाळी मुळीच नको. काकवी-पाण्याची सीमा दुपारपर्यंत विरते. आवराआवर करताना तेल बेसिनमध्ये ओतू नका, चमच्याने काढून बाटलीत भरा. मोजपात्र आधी रद्दी कागदाने पुसून मग गरम पाणी आणि साबण. काचेवर तेलाचा पापुद्रा राहिला तर पुढच्या वर्गाचे पाणी भिंतीला नीट चिकटत नाही आणि माप चुकते.