परसातल्या नव्या तळ्याचं पाणी माशांसाठी कसं तयार करावं

नवं तळं बांधून झालं, पाणी भरलं, तळाचा गोटा न् गोटा दिसू लागला की घरातल्या सगळ्यांना मासे आणायची घाई होते. ती घाई थोपवा. नव्या तळ्यात मासे दगावतात ते बहुधा पहिल्या महिना-दीड महिन्यात, आणि तेव्हा पाणी अगदी नितळ असतं. सिमेंटमधून उतरणारा चुना, नळाच्या पाण्यातलं क्लोरिन आणि माशांच्या मलमूत्रातून येणारा अमोनिया यांतलं काहीच डोळ्यांना दिसत नाही. म्हणून खालच्या क्रमात मासे जवळजवळ शेवटी येतात.

आधी लिटर काढा

लांबी, रुंदी आणि पाण्याची खोली फुटांत मोजून गुणाकार करा आणि आलेल्या आकड्याला २८.३ ने गुणा. ६ × ४ × २ फुटांच्या तळ्यात साधारण १,३५० लिटर पाणी बसतं. हा आकडा तळ्याच्या कडेला रंगानं लिहून ठेवा. औषध, मीठ, पंप आणि माशांची संख्या हे सगळं त्यावर ठरतं.

चुना उतरवा

ताज्या सिमेंटमुळे पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, ११ ते १२ पर्यंत चढू शकतो. माशांना साधारण ६.५ ते ८.५ चालतो. त्यापलीकडच्या पाण्यात त्यांच्या अंगावरचा बुळबुळीत थर आणि कल्ले भाजून निघतात.

गिलावा नीट पिकल्यावर तळं काठोकाठ भरा आणि तीन-चार दिवस तसंच ठेवा. पाण्यावर पांढरट, कुरकुरीत साय धरलेली दिसेल. बोट लावलं की तिचे पापुद्रे होतात. तो चुनाच आहे. पाणी काढून टाका, भिंती ताठ ब्रशनं घासा आणि पुन्हा भरा. असं तीन-चार वेळा करावं लागतं. आपल्याकडचा जुना उपाय म्हणजे केळीच्या खुंटाचे तुकडे पाण्यात आठवडाभर कुजू देणं. कुजताना तयार होणारी आम्लं चुन्याला मारतात. वास येतो, पण उपाय कामाचा आहे. नंतर मात्र तळं स्वच्छ धुऊन घ्यायला हवं.

एकदाच सामू मोजून खूश होऊ नका. ताजं पाणी भरल्या दिवशी ७.५ दाखवतं आणि तिसऱ्या दिवशी ९ वर जातं. तीन दिवस उभ्या राहिलेल्या पाण्याचा सामू ८.५ च्या आत असेल, तरच पुढे जा. मोजायला मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारा थेंबांचा संच घ्या. कागदी पट्ट्यांपेक्षा तो जास्त भरवशाचा असतो.

पाणी कुठलं?

नळाचं असेल तर क्लोरिन घालवावं लागतं. उघड्यावर, हवेचा पंप लावून एक-दोन दिवस ठेवलं की ते उडून जातं. घाई असेल तर अँटिक्लोरिनचे थेंब वापरा. गावाकडच्या टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर ज्या दिवशी पडते, त्या दिवशी तळ्यात थेट नळी सोडू नका. बोअरच्या पाण्यात क्लोरिन नसतं, पण प्राणवायूही फार कमी असतो आणि कधी कधी लोह असतं. ते उंचावरून, धार फोडून पडू द्या.

तळ्यात तांब्या-पितळेचे नळ किंवा जस्त चढवलेले पाइप नकोत. हे धातू थोडे जरी विरघळले, तरी माशांना घातक ठरतात.

फिल्टर जिवंत करा

सगळ्यात जास्त लक्ष इथे द्या. मासे कल्ल्यांतून आणि मलमूत्रातून अमोनिया सोडतात. नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि नायट्रोस्पायरासारखे दुसरे जिवाणू त्यापासून नायट्रेट बनवतात. अमोनिया आणि नायट्राइट ही दोन्ही विषं आहेत. नायट्रेट त्या मानानं सौम्य असतं आणि झाडं ते खातात. हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत, खरबरीत पृष्ठभागांना चिकटून राहतात. म्हणून फिल्टर म्हणजे मुख्यतः त्यांचं घर.

झाकणाचा ५०-६० लिटरचा प्लास्टिकचा ड्रम पुरतो. पाणी खालून आत यावं आणि वरून बाहेर पडावं. आत स्पंज, भांडी घासायच्या प्लास्टिकच्या घासण्या आणि विटांचे किंवा जांभ्याचे तुकडे भरा. पंप असा घ्या की दोन तासांत एकदा तरी सगळं पाणी ड्रममधून फिरेल. १,३५० लिटरला ताशी ७०० ते १,००० लिटरचा पंप ठीक.

आता मासे नसताना रोज चिमूटभर मत्स्यखाद्य पाण्यात टाका. ते कुजून अमोनिया होतो आणि जिवाणूंना खायला मिळतं. ओळखीच्या कुणाकडे जुनं, निरोगी मत्स्यालय असेल तर त्याच्या फिल्टरमधला स्पंजाचा एक तुकडा मागून आणा. त्यानं बरेच दिवस वाचतात. दर तीन-चार दिवसांनी मोजत राहिलात तर आधी अमोनिया चढलेला दिसेल, मग तो उतरून नायट्राइट चढेल, आणि शेवटी दोन्ही शून्यावर येऊन फक्त नायट्रेट उरेल. याला बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. उन्हाळ्यात थोडं लवकर होतं.

फिल्टर कधीही नळाखाली धुऊ नका, क्लोरिननं जिवाणू मरतात. तळ्यातलंच पाणी बादलीत घेऊन त्यात स्पंज पिळा. वीज चार-सहा तास गेली असेल, तर पंप सुरू करण्याआधी ड्रममधलं कोंडलेलं पाणी ओतून टाका, कारण प्राणवायू संपून ते सडलेलं असतं.

मासे थोडे, अन्न त्याहून थोडं

सुरुवात पाच-सहा गप्पींनी करा. ते काटक असतात आणि डासांच्या अळ्याही खातात. बऱ्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत गप्पी पैदास केंद्रं असतात, तिथे चौकशी करा. पुढे गोल्डफिश आणायचे तर एका माशाला निदान १०० लिटर धरा. कोई माशाला एकट्याला हजारेक लिटर लागतं, म्हणून लहान तळ्यात तो नकोच. शेवाळ खाईल म्हणून दुकानदार सकर मासा गळ्यात मारतात. तो फूटभर वाढतो आणि त्याचीच घाण तळ्याला झेपत नाही. कंटाळून त्याला ओढ्यात सोडणं तर फारच वाईट, कारण तिथल्या देशी माशांवर तो संकट होऊन बसतो. गप्पीही आपल्याकडचे नव्हेत, त्यांनाही ओढ्या-नाल्यात सोडू नका.

दुकानातली पिशवी २०-३० मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा, थोडं थोडं तळ्याचं पाणी आत घाला आणि मग फक्त मासे सोडा, पिशवीतलं पाणी नाही. दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच खाणं द्या.

अमोनिया लिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमच्या वर गेला तर खाणं बंद करा आणि पाव पाणी बदला. अमोनियाचा विखार सामूवर अवलंबून असतो. २५ अंशांच्या पाण्यात सामू ७ असताना त्याचा १ टक्क्याहून कमी भाग विषारी रूपात असतो, सामू ९ झाला की एक तृतीयांशाहून जास्त. चुना आधी उतरवायचा तो यासाठीही. नायट्राइट वाढलं तर रक्त प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही, कल्ले तपकिरी पडतात आणि भरपूर हवा असूनही मासा धापा टाकतो. अशा वेळी पाणी बदलाच, शिवाय १,००० लिटरला एक किलो जाडं मीठ विरघळवून घाला. मीठ उडून जात नाही, म्हणून ते पुन्हा पुन्हा घालू नका.

पहाटे एकदा बघून या

सकाळी सहाच्या सुमारास मासे पृष्ठभागाशी तोंड उघडझाप करत असतील तर प्राणवायू कमी पडतोय. ३० अंश तापमानाच्या पाण्यात लिटरमागे फार तर साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू राहतो, २० अंशांत ९ मिलिग्रॅम. त्यात पाणी हिरवं असेल तर दिवसभर प्राणवायू देणारं तेच शेवाळ रात्री तो ओढून घेतं. कारंजं रात्रीच बंद करायची सवय घातक आहे. बंद ठेवायचंच असेल तर दुपारी ठेवा.

हिरव्या पाण्यावर रसायन टाकू नका. एकदम मेलेलं शेवाळ कुजताना उरलासुरला प्राणवायूही संपवतं. त्यापेक्षा कुमुदिनी, कमळ किंवा अझोलानं अर्धं पाणी झाका आणि खाणं कमी करा. जलपर्णी घेऊ नका, ती बाहेर गेली तर नदी व्यापते.

पावसाळा

तळ्याची कड जमिनीपासून निदान अर्धा फूट वर असू द्या, म्हणजे अंगणातला गाळ आणि बागेतलं खत आत येणार नाही. पन्हाळीचं पाणी तळ्यात सोडू नका. पावसाचं पाणी मृदू असतं, जुलैभर ते पडत राहिलं की सामू सावरून धरणारा क्षार पातळ होतो. शिंपल्यांचा चुरा जाळीच्या पिशवीत बांधून फिल्टरमध्ये ठेवला तर तो हळूहळू विरघळून ही तूट भरून काढतो.

एरवी दर आठवड्याला १० ते २० टक्के पाणी बदला. काढलेल्या पाण्यात नायट्रेट असतं, ते अळूला आणि केळीला घाला. त्या महिन्यात तळ्यात मीठ पडलं असेल तर मात्र झाडांपासून लांब ओता.