लेझर सेन्सरने धूळ मोजताय? या चुका टाळा, आमच्या करून झाल्यात

लातूरला मित्राच्या डाळ मिलमध्ये काडेपेटीएवढा लेझरवाला डस्ट सेन्सर लावला. चाळणीशेजारी दोन मिनिटं उभं राहिलं की भुवया पिवळ्या, एवढा भुगा उडू लालता, आणि स्क्रीनवर आकडा बघावा तर बाहेरच्या रोडपेक्षा कमी! मित्र म्हणला, ह्याला दिसतंय का काही?

खरं सांगायचं तर ह्या डबीला कणाची साईज दिसतच नाही, दिसतो तो फक्त उजेड. आतला पंखा हवा ओढतो, कण लेझरच्या वाटेत आला की उजेड इकडंतिकडं फेकला जातो, बाजूला बसवलेला फोटोडायोड (उजेड टिपणारा छोटा पार्ट) तो झटका पकडतो आणि झटका केवढा त्यावरून साईजचा अंदाज. धूर लई चांगला पकडते, पण डाळीचा जाड भुगा त्या एवढ्याशा पंख्याला नीट ओढवतच नाही, वळणावरच खाली बसतो. म्हणून स्वस्तातल्या सेन्सरचा पीएम 10 (10 मायक्रॉनपर्यंतच्या कणांचा आकडा; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बराचसा बारीक कणांवरून मारलेला अंदाज असतो. जाड धूळच मोजायची तर फिल्टर पेपरवर धूळ धरून वजन करणारं सॅम्पलर लागतं, तिथं ह्याच्या नादी लागू नका.

मग पावसाळ्यात झड लागली, मिल बंद, अन् आकडा मात्र वर. आर्द्रता 75-80 टक्क्यांच्या पुढं गेली की बरेच कण पाणी पिऊन फुगतात, उजेड जास्त फेकतात. शेजारी आर्द्रतेचा सेन्सर लावा आणि ते तास हिशोबात वेगळे धरा.

अगरबत्ती थेट तोंडाशी धरून टेस्ट करू नका, दोन-तीन कण एकदम लेझरमध्ये आले की सेन्सर त्यांना एकच मोठा कण समजतो. उसाचं पाचट पेटवल्यावरची काजळी उलटी, काळी असल्यानं उजेड गिळते आणि आहे त्यापेक्षा लहान वाटते. आणि 0.3 मायक्रॉनच्या खालचं तर विसराच, लेझरच्या वेव्हलेंग्थपेक्षा (उजेडाच्या लाटेच्या लांबीपेक्षा) बऱ्याच बारीक कणाची साईज निम्मी झाली की उजेड 64 पटीनं घटतो.

पीएमएस 5003 हे सेन्सरचं मॉडेल वापरत असाल तर पंख्याला 5 व्होल्ट पण डेटा पिनला 3.3 च, आणि झोपेतून उठवल्यावर 30 सेकंद थांबून मगच रीडिंग घ्या.

आकडा वरच चिकटून बसला तर कंप्रेसरची हवा मारू नका, आम्ही मारली अन् पंख्याचं पातंच तुटलं. दुसऱ्या सेन्सरला तेच झालं तेव्हा झाकण खोललं, तर कोळ्याची एकच तार, लेझरच्या बरोब्बर आडवी. मऊ ब्रशनं काढली, झाकण लावलं, एअर प्युरिफायरमधून जिथून हवा निघते तिथं धरला, मिनिटभरात आकडा 2 वर आला.