सूज उतरवणारी जोडगोळी : या चुका टाळा

‘ती लघवीची गोळी द्या, दोन स्ट्रिप.’ मेडिकलच्या काउंटरमागे उभं राहून ही मागणी मी रोज ऐकतो. चिठ्ठी मागितली की उत्तर येतं, ‘अहो, बाबांची नेहमीचीच आहे.’ नेहमीचीच असते, त्यात शंका नाही. पण स्ट्रिप उलटी करून मागची बारीक अक्षरं दाखवली, की अनेकांना तेव्हा पहिल्यांदा कळतं की बाबा इतकी वर्षं रोज एक नव्हे, दोन औषधं घेताहेत.

हृदय अशक्त झालं असेल किंवा लिव्हरच्या सिऱ्हॉसिसमुळे, म्हणजे लिव्हर कडक, निबर होण्याच्या आजारामुळे, पोटात पाणी साचलं असेल, तर अंगातलं जादा मीठ-पाणी बाहेर काढायला ही जोडगोळी आपल्याकडे सर्रास लिहून देतात. त्यातलं पहिलं औषध फ्युरोसेमाइड किंवा टॉर्सेमाइड. ते जोरात लघवी करवतं आणि मिठाबरोबर पोटॅशियमही वाहून नेतं. दुसरं स्पायरोनोलॅक्टोन, कधी अमिलोराइड. त्याचा लघवीचा जोर कमी, पण ते पोटॅशियम धरून ठेवतं. एक सांडतं, दुसरं राखतं, म्हणून दोघांना एका गोळीत बसवलं. कागदावर हा हिशेब जुळतो. प्रत्यक्षात कोणाचं पारडं जड होणार, ते त्या माणसाची किडनी, त्याची बाकीची औषधं आणि त्याचं ताट ठरवतं.

दोघांची चालही वेगळी. टॉर्सेमाइड तासाभरात काम सुरू करतं आणि सहा-आठ तासांत उरकतं. स्पायरोनोलॅक्टोनचा असर दिसायला दोन-तीन दिवस लागतात आणि गोळी बंद केल्यावरही तो तितकेच दिवस रेंगाळतो. एवढं लक्षात ठेवलं तर पुढचं सगळं सोपं जाईल.

नाव वाचलं, घटक वाचले नाहीत

बाजारात टॉर्सेमाइड १० मि.ग्रॅ. आणि स्पायरोनोलॅक्टोन ५० अशी गोळी आहे, १० आणि २५ अशी आहे, २० आणि ५० अशीही आहे. फ्युरोसेमाइड २० सोबत स्पायरोनोलॅक्टोन ५० मिळतं, तर फ्युरोसेमाइड ४० सोबत अमिलोराइड ५. नावापुढचा आकडा एका कंपनीत पहिल्या औषधाचा असतो, दुसऱ्या कंपनीत दुसऱ्याचा. त्यामुळे ‘पन्नासवाली द्या’ म्हटलं तर माझ्यासारख्या दुकानदारालाही खात्री देता येत नाही. रिकामी स्ट्रिप आणा, निदान मोबाइलवर फोटो तरी आणा.

याहून मोठी गफलत दवाखान्यातून घरी सोडल्यावर होते. घरी जुन्या फ्युरोसेमाइडची अर्धी स्ट्रिप असते, डिस्चार्ज कार्डावर नवी जोडगोळी असते, आणि माणूस दोन्ही घेत राहतो. त्यात बीपीच्या गोळीतही हायड्रोक्लोरोथायाझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असलं, तर लघवी वाढवणाऱ्या तीन गोळ्या झाल्या. आमच्या गल्लीतले एक आजोबा असेच चौथ्या दिवशी न्हाणीघरात चक्कर येऊन पडले. नशिबाने हाड मोडलं नाही. घरातल्या सगळ्या स्ट्रिपा एकदा पलंगावर मांडा, प्रत्येकीचे घटक वहीत उतरवा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. अर्ध्या तासाचं काम आहे.

डोस स्वतःच वाढवला, स्वतःच तोडला

‘आज पाय जास्त सुजलेत, दोन घेऊ का?’ साध्या फ्युरोसेमाइडच्या बाबतीत काही डॉक्टर रुग्णाला आधीच सांगून ठेवतात की अमुक वजन वाढलं तर जादा गोळी घ्या. ती सूचना जोडगोळीला लावता येत नाही. दोन घेतल्या तर स्पायरोनोलॅक्टोनही दुप्पट होतं, आणि ते आजच्या सुजेवर आज काहीच करत नाही. पोटॅशियम मात्र पुढचे काही दिवस वाढवत राहतं. अर्धी गोळी घेतली तरी दोन्ही औषधं अर्धी होतात. एकच कमी-जास्त करायचं असेल तर डॉक्टर दोन वेगळ्या गोळ्या लिहून देतात, आणि अशा वेळी एकीऐवजी दोन गोळ्या खाव्या लागतात म्हणून कुरकुर करू नये.

शेजाऱ्याची गोळी चालत नाही, त्याचंही कारण यातच आहे. सिऱ्हॉसिसमध्ये पोटातल्या पाण्यासाठी दोन्ही औषधं देतात तेव्हा नेहमीचं प्रमाण स्पायरोनोलॅक्टोन १०० ला फ्युरोसेमाइड ४० असं धरतात. हार्ट फेल्युअरमध्ये, म्हणजे हृदय अशक्त झाल्यावर, स्पायरोनोलॅक्टोन बहुधा २५ पासून सुरू होतं. दोघांच्या पायावरची सूज मात्र सारखीच दिसते.

पोटॅशियमची तपासणी टाळली

मला सर्वात जास्त काळजी याची वाटते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१९९९ साली ‘राल्स’ नावाची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. गंभीर हार्ट फेल्युअरच्या रुग्णांना स्पायरोनोलॅक्टोन दिल्यावर मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांनी घटलं. जगभर डॉक्टरांनी ते औषध लिहायला सुरुवात केली, आणि ते योग्यच होतं. पण चाचणीत सुरुवात २५ मि.ग्रॅ.ने होती, ज्यांचं क्रिएटिनिन (किडनी किती थकली ते दाखवणारा रक्तातला आकडा) २.५ च्या वर किंवा पोटॅशियम ५ च्या वर होतं त्यांना घेतलंच नव्हतं, आणि रक्त ठरल्या वेळी तपासलं जात होतं. बाहेरच्या जगात ही शिस्त राहिली नाही. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात याचा हिशेब मांडला गेला. हार्ट फेल्युअरसाठी दाखल होऊन गेलेल्या आणि एसीई गटातली (रॅमिप्रिल, एनालाप्रिलसारखी) बीपीची गोळी घेणाऱ्या ज्येष्ठांमध्ये, पोटॅशियम वाढल्यामुळे पुन्हा दाखल व्हावं लागण्याचं प्रमाण १९९४ मध्ये हजारी २.४ होतं, ते २००१ मध्ये हजारी ११ झालं. औषध लिहिणं झपाट्याने वाढलं होतं, त्याच्यावरची नजर मात्र तितकी राहिली नव्हती.

रक्तातलं पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ या दरम्यान असावं. ५.५ च्या वर गेलं की डॉक्टर सहसा डोस कमी करतात. ६ च्या वर गेलं तर हृदयाचे ठोके बिघडण्याचा धोका असतो आणि थेट दवाखाना गाठावा लागतो. वाईट असं, की अनेकदा आधी काहीच जाणवत नाही. पायांत त्राण नसणं किंवा नाडी मंद होणं ही लक्षणं उशिरा दिसतात. म्हणून गोळी सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर पहिल्या आठवड्यात, मग महिन्याने, आणि पुढे डॉक्टर सांगतील तसं दर काही महिन्यांनी पोटॅशियम, सोडियम आणि क्रिएटिनिन तपासून घ्यायचं. मधुमेह असेल, वय सत्तरीच्या पुढे असेल किंवा किडनी आधीच थकलेली असेल, तर यात चालढकल नको.

पोटॅशियम कुठून वाढतं? पहिलं ठिकाण म्हणजे बीपीच्या गोळ्या : टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, एनालाप्रिल. डॉक्टरांनी त्या जोडगोळीसोबत विचारपूर्वक दिलेल्या असू शकतात, त्यामुळे हे वाचून बंद करू नका. तपासणी चुकवू नका इतकंच. दुसरं ठिकाण चिठ्ठीशिवाय घेतलेली गुडघेदुखीची गोळी. डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन ही औषधं किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात, मीठ-पाणी अडवतात आणि जोडगोळीचा असरही मारतात. बीपीची गोळी, जोडगोळी आणि वेदनाशामक हे तिन्ही एकत्र आले की किडनी अचानक बसू शकते. दुखत असेल तर पॅरासिटामॉल चालेल का, ते डॉक्टरांना विचारा. लघवीच्या जंतुसंसर्गावर देतात त्या कोट्रायमोक्साझोलनेही पोटॅशियम चढतं. आणि कोणे एके काळी नुसत्या फ्युरोसेमाइडसोबत लिहून दिलेलं पोटॅशियमचं सिरप काही घरांत अजून चालू असतं. जोडगोळी आली की ते चालू ठेवायचं का, हे विचारलंच पाहिजे.

आता ताट. ‘लो सोडियम’ मीठ हृदयाला चांगलं म्हणून मुलं प्रेमाने आणून देतात. त्यात सोडियमच्या जागी बऱ्याच प्रमाणात पोटॅशियम क्लोराइड असतं. जोडगोळी घेणाऱ्याच्या स्वयंपाकात ते नकोच. सैंधवाने काही वाचत नाही, ते सोडियम क्लोराइडच आहे. शहाळ्याच्या पाव लिटर पाण्यात ६०० मि.ग्रॅ.च्या आसपास पोटॅशियम असतं. एखादं पिणं वेगळं, उन्हाळाभर रोज दोन पिणं वेगळं. आणि उपवास! बटाटा, रताळं, केळं, खजूर, दाण्याचं कूट ही सगळी पोटॅशियमची भरलेली कोठारं, वर दिवसभर पाणी कमी. आषाढी सोडायला मी कोणाला सांगणार नाही, माझी आई सोडणार नाही हे मला माहीत आहे. पण ताटात काय आणि किती, हे आधी ठरवता येतं.

एक दिलासाही आहे. रिपोर्टमध्ये पोटॅशियम एकदम जास्त दिसलं आणि माणूस ठणठणीत असला, तर नमुन्यातही दोष असू शकतो. रक्त काढताना मूठ पुन्हा पुन्हा आवळली, किंवा तालुक्याचा नमुना शहरातल्या लॅबपर्यंत पोचायला फार वेळ लागला, की पेशींच्या आतलं पोटॅशियम बाहेर येतं. अशा वेळी डॉक्टर त्याच दिवशी पुन्हा रक्त तपासायला सांगतात, सोबत ईसीजीही काढतात. ‘लॅबचीच चूक असेल’ असं आपण घरी ठरवून गप्प बसू नये.

जुलाब लागले तरी गोळी चालूच

उलट्या, जुलाब, तापात खाणं-पिणं बंद, किंवा विदर्भातला पंचेचाळीस अंशांचा मे महिना. अंगातलं पाणी आधीच निघून चाललेलं असतं आणि गोळी आणखी काढत असते. बीपी पडतं आणि किडनीला मार बसतो. अशा दिवशी गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा. एक-दोन दिवस थांबवून, जेवणखाण सुरळीत झाल्यावर ते सहसा पुन्हा सुरू करतात. म्हाताऱ्या माणसाला अचानक गुंगी आली, बोलणं असंबद्ध झालं, तर वयावर ढकलू नका. सोडियम उतरलेलं असू शकतं.

एसटीचा प्रवास म्हणून बुडवली

हे बायकांच्या बाबतीत जास्त घडतं, आणि त्यात त्यांचा दोष नाही. स्टँडवरची स्वच्छतागृहं कशी असतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण लग्नसराईत आठवड्यात तीनदा गोळी बुडाली की पाणी छातीपर्यंत चढतं. सकाळी सातची गाडी असेल तर पोचल्यावर, दुपारी जेवणाच्या आसपास घेतली तर चालेल का, हे डॉक्टरांना एकदाच विचारून ठेवा, बहुतेकदा चालतं. संध्याकाळी मात्र नको. रात्री तीनदा उठताना अंधारात पडून खुब्याचं हाड मोडलेली माणसं मी पाहिली आहेत. चुकलेल्या दिवसाची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत.

सूज पाण्याची नव्हतीच

अ‍ॅम्लोडिपिन ही बीपीची गोळी अनेकांच्या घोट्यांवर सूज आणते. ती सूज केशवाहिन्यांतून पाणी पाझरल्यामुळे येते, अंगात मीठ-पाणी साचल्यामुळे नाही. त्यावर लघवीची गोळी जवळजवळ निरुपयोगी. अ‍ॅम्लोडिपिनचा डोस कमी करणं किंवा गोळी बदलणं हाच उपाय. पूर्व विदर्भात दिसणाऱ्या हत्तीपायाच्या सुजेवरही ही गोळी चालत नाही. एकाच पायाला अचानक सूज आणि पोटरीत दुखणं म्हणजे शिरेत रक्ताची गाठ अडकल्याची शंका, त्याच दिवशी दाखवा. गरोदरपणातल्या सुजेवर घरातली ही गोळी कधीही देऊ नये.

आणि वजन उतरवायला किंवा चेहरा बारीक दिसायला तर मुळीच नको. शेन वॉर्नला २००३ च्या विश्वचषकातून परत पाठवलं, वर्षभर बंदी घातली, ते अशाच एका जोडगोळीमुळे : हायड्रोक्लोरोथायाझाइड आणि अमिलोराइड. आईने दिली होती, असं त्याने सांगितलं.

‘गोळी लागू पडत नाही’

ही तक्रार घेऊन कोणी आलं की मी आधी लोणचं, पापड आणि फरसाण विचारतो. दिवसाचं मीठ ५ ग्रॅमच्या आत असावं, म्हणजे सपाट एक चमचा, सगळं धरून. मग वेदनाशामक विचारतो. मग वजन. रोज सकाळी लघवी करून आल्यावर, चहाच्या आधी, त्याच काट्यावर वजन करून कॅलेंडरवर लिहा. तीन दिवसांत दोन किलोहून जास्त वाढलं तर ते पाणीच, डॉक्टरांना कळवा. झोपल्यावर दम लागत असेल किंवा उशा वाढवाव्या लागत असतील, तर वजनाची वाट पाहू नका.

पुरुषांसाठी एक गोष्ट, जी काउंटरवर कोणी मोठ्याने बोलत नाही. स्पायरोनोलॅक्टोनने स्तनांचा भाग दुखरा होतो, कधी वाढतो. राल्समध्ये दहातल्या एका पुरुषाला हा त्रास झाला होता. लाजेपोटी कित्येक जण परस्पर गोळी बंद करतात आणि महिन्याभरात धाप लागून दाखल होतात. डॉक्टरांना स्पष्ट सांगा. एप्लेरेनोन नावाचं पर्यायी औषध आहे, त्यावर हा त्रास बराच कमी होतो.