सर्किट केल्यावर नक्की किती कॅलरी जळल्या ते कसं काढायचं (घड्याळावर विश्वास न ठेवता)

माझं वजन ७२ किलो. तासाभराचं सर्किट (फारसं न थांबता एकामागून एक वेगवेगळे व्यायाम, फेऱ्याफेऱ्यांनी) झालं की मनगटावरचं घड्याळ सहाशेच्या पुढचा आकडा दाखवायचं आणि मी त्या भरवशावर रविवारी मिसळीबरोबर दोन पाव जास्त हाणायचो. तीन महिन्यांत वजन उतरायचं सोडून दीड किलो चढलं. तेव्हापासून मी हिशोब हाताने करतो, पाच मिनिटांचं काम आहे, पण एका जागी सगळे आपटतात आणि त्या जागेबद्दल कोणी नीट सांगत नाही म्हणून हे लिहितोय.

आधी घड्याळाचं बोलून टाकू. २०१७ साली स्टॅनफर्डवाल्यांनी सात मनगटी यंत्रं तपासली होती, त्यातल्या सहांची नाडी ५ टक्क्यांच्या आत बरोबर निघाली, पण कॅलरीत सगळ्यात चांगलं यंत्रही सरासरी २७ टक्के चुकलं आणि सगळ्यात वाईट ९३ टक्के. आणि ते सुद्धा चालणं, पळणं, सायकल अशा सरळ कामात. सर्किटमध्ये तर तुम्ही केटलबेल (कडी असलेलं लोखंडी वजन) घट्ट धरता, मनगट वळतं, तिथला सेन्सर गोंधळतो. शिवाय प्लँक धरला (कोपरांवर अंग ताठ ठेवून थांबलात) किंवा जड वजन उचललं की नाडी वाढते पण ऑक्सिजन, ज्यावरून खऱ्या कॅलरी ठरतात, तो त्या मानाने वापरला जात नाही, म्हणजे घड्याळाला वाटतं तुम्ही पळताय. नाडी बघायला घड्याळ ठीक, कॅलरीला नाही.

पायरी १: वजन किलोत. सकाळचं, रिकाम्या पोटी. झालं.

पायरी २: सूत्र. मेट × ३.५ × वजन ÷ २०० = एका मिनिटाच्या कॅलरी. १ मेट म्हणजे निवांत बसल्यावर शरीर जेवढं खर्च करतं तेवढं, ८ मेट म्हणजे त्याच्या आठपट. माझ्यासाठी ७२ × ३.५ ÷ २०० = १.२६, हा आकडा एकदा काढून ठेवला की पुढे फक्त मेटने गुणायचं.

पायरी ३: मिनिटं. इथेच सगळी गडबड आहे.

मी पहिल्यांदा काय केलं, नेटवर सर्किटचा मेट ८ मिळाला, व्यायामाला गेल्यापासून संपवून निघेपर्यंत ६० मिनिटं, म्हणून ८ × १.२६ × ६० = ६०५. घड्याळाशी जुळलं म्हणून अजूनच खूश. मग एकदा गच्चीवर सर्किट करताना मोबाईल कठड्याला टेकवून पूर्ण तासाचा व्हिडिओ काढला आणि रात्री तो बघितला. लाज वाटली. माझं सर्किट आठ स्टेशनचं, म्हणजे आठ व्यायामांचं, बैठका, जोर, दोरी, केटलबेल स्विंग, बर्पी वगैरे, ४० सेकंद काम २० सेकंद आराम, असे तीन राऊंड. म्हणजे खरं सर्किट २४ मिनिटं! राऊंडच्या मधे दोन-दोन मिनिटं बसलो ती ४, वॉर्मअप ८, शेवटचं स्ट्रेचिंग ७. उरलेली १७ मिनिटं कुठे गेली? दोरीचा गुंता सोडवण्यात, पाणी पिण्यात, गाणं बदलण्यात, आणि शेजारच्या विंगचे काका टँकर कधी येणार विचारायला वर आले त्यात चार मिनिटं, मी हातात केटलबेल घेऊन नुसता मान डोलवतोय.

तर ज्याला खरा आकडा पाहिजे त्याने एकदा तरी व्हिडिओ काढा. अंदाज करू नका, प्रत्येकाला आपण जास्तच काम केलं असं वाटतं. आता तेच परत मांडू: वॉर्मअप ८ मिनिटं ३ मेटने ३०, सर्किट २४ मिनिटं ८ मेटने २४२, राऊंडमधली विश्रांती ४ मिनिटं २ मेटने १०, स्ट्रेचिंग ७ मिनिटं २.३ ने २०, आणि उभं राहून टाईमपास १७ मिनिटं १.५ ने ३२. बेरीज ३३४. कुठे ६०५ आणि कुठे ३३४.

यानंतर मी दुसऱ्या टोकाची चूक केली तीही सांगतो. अतिप्रामाणिकपणे ते २० सेकंदांचे आरामही कापले, २४ ऐवजी फक्त १६ मिनिटं धरली. हे चुकीचं आहे! त्या २० सेकंदात तुम्ही धापाच टाकत असता, ऑक्सिजनचा वापर लगेच खाली येत नाही, आणि सर्किटचा ८ मेट हा कमीत कमी विश्रांती घेऊन केलेल्या अख्ख्या सर्किटचाच आहे, म्हणजे छोटा आराम त्यात आधीच मोजलाय. माझा नियम, अर्ध्या मिनिटापर्यंतचा आराम सर्किटमध्ये, एक मिनिट किंवा वर गेला की वेगळा काढायचा.

पायरी ४: मेट कुठला घ्यायचा. शारीरिक हालचालींच्या मेटची एक मोठी यादी आहे, कंपेंडियम म्हणतात, १९९३ पासून चालत आलेली. तिच्या २०११ च्या आवृत्तीत सर्किट दोनदा आहे, जोरदार असेल तर ८ आणि मध्यम असेल तर ४.३. जवळजवळ निम्मं! आणि सगळे डोळे झाकून ८ उचलतात. बोलून बघा. स्टेशन संपल्या संपल्या एक पूर्ण वाक्य न अडखळता बोलता आलं तर तुमचं सर्किट ४.३ चं आहे, वाईट वाटून घेऊ नका. दोन-तीन शब्दांत दम लागला तर ८. आणि राऊंडगणिक बघा, माझ्या पहिल्या राऊंडला ४० सेकंदात २२ बैठका व्हायच्या आणि तिसऱ्याला १३, मग तिसऱ्या राऊंडला ८ कशाला लावायचा? मी तिथे ६ धरतो, हा माझा अंदाज आहे, कुठल्या यादीत नाही (इथल्या हिशोबात सोपं जावं म्हणून तिन्ही राऊंडना ८ च लावलाय). ‘घाम किती आला’ हे माप तर अजिबात नको, मे महिन्यात नुसतं गच्चीवर उभं राहिलं तरी घाम येतो.

पायरी ५: बसून जे जळलं असतं ते वजा करा. ६० मिनिटं × १.२६ = ७६. ३३४ वजा ७६, उरले २५८. जेवणात काही जास्त खायचं असेल तर हाच आकडा, कारण ते ७६ तुमच्या दिवसाच्या हिशोबात आधीच आलेत. म्हणजे एक वडापाव, तोही कसाबसा.

आता कोणीतरी आफ्टरबर्नचं काढेलच, की व्यायामानंतर दिवसभर कॅलरी जळत राहतात. जळतात, पण साधारण व्यायामाच्या खर्चाच्या ६ ते १५ टक्के, म्हणजे माझ्या केसमध्ये २० ते ५०. मी ते धरतच नाही.

वहीत २५८ नाही, २५० लिहा, एवढ्या अंदाजात शेवटच्या आकड्याला काही अर्थ नसतो. तीन-चार आठवडे जेवण आणि वजन दोन्ही लिहून बघा, हिशोबाप्रमाणे काटा हलत नसेल तर आधी मेट खाली आणा, मग ताटाकडे बघा. वजन चार-पाच किलोने बदललं की तो १.२६ वाला आकडा नव्याने काढा, आणि व्हिडिओ दोन महिन्यांनी परत, कारण टाईमपास हळूहळू वाढतोच.