स्प्रेवाला किचनचा नळ घेताय? घरगुती आणि हॉटेलसारखा कमर्शियल यातला फरक आधी समजून घ्या

किचनचा नळ बदलायचा म्हटलं की आजकाल सगळ्यांची नजर त्या उंच स्प्रिंगवाल्या नळावर जाते. दिसतो पण भारीच. हॉटेलच्या किचनमध्ये असतो तसा, वरून लोंबणारा स्प्रे, हातात धरला की एका फटक्यात भांडं साफ. पण घेण्याआधी दहा मिनिटं घरातल्या काही गोष्टी मोजल्या तर नंतरचा बराच त्रास वाचतो, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

पहिला गोंधळ नावाचाच आहे. 'कमर्शियल स्टाइल' म्हणून जे विकलं जातं ते बहुतेक वेळा कमर्शियल नसतंच. तो घरगुती सिंगल लिव्हर मिक्सरच असतो, म्हणजे एकाच दांड्याने गरम-गार पाणी सोडायचा नळ, फक्त मान उंच केलेली आणि नळीवर बाहेरून स्प्रिंग चढवलेली. खरा हॉटेलवाला प्रकार वेगळा, त्याला प्री-रिन्स युनिट म्हणतात, म्हणजे भांडी मशीनमध्ये घालायच्या आधी खरकटं उडवून टाकायचं साधन. तो साधारण ९० सेंटीमीटर उंच असतो, बऱ्याचदा भिंतीवर बसवतात, गरम आणि गार पाण्याच्या दोन वेगळ्या चाव्या असतात आणि स्प्रेला दाबायचा दांडा असतो. घरगुती प्रकारात पुल-डाउन म्हणजे उंच मानेतून डोकं खाली ओढायचं, पुल-आउट म्हणजे बुटक्या नळातून डोकं आपल्याकडे ओढायचं, आणि जुना साइड स्प्रे म्हणजे नळाच्या बाजूला वेगळ्या भोकात ठेवलेला छोटा स्प्रे. साइड स्प्रेबद्दल एवढंच सांगतो की त्याची धार मंदावली तर स्प्रे बदलायच्या आधी नळाच्या आतला डायव्हर्टर, म्हणजे पाणी स्प्रेकडे वळवणारा भाग, काढून साफ करा, बहुतेक वेळा कचरा तिथेच अडकलेला असतो.

आता मुद्द्याचं. घरगुती आणि खऱ्या कमर्शियलमधला मोठा फरक म्हणजे पाणी कुठे बंद होतं. घरगुती नळात लिव्हर चालू केला की पाणी वाहतं, स्प्रेवरचं बटण फक्त धार बदलतं, सरळ धार की फवारा एवढंच. पाणी बंद करायला परत लिव्हरकडे जायचं. काही मॉडेलना पॉजचं बटण असतं पण ते दोन भांड्यांच्या मधे क्षणभर थांबवायला आहे, नळ बंद ठेवायला नाही. प्री-रिन्समध्ये उलटं. खालच्या चाव्या उघड्याच ठेवतात आणि दांडा दाबला की पाणी, सोडला की बंद. दिवसभर शेकडो ताटं धुणाऱ्याला हेच सोयीचं, आणि पाणीही वाया जात नाही.

पण हीच सोय घरात डोकेदुखी होऊ शकते आणि हे कोणी सांगत नाही. दांडा सोडल्यावर पाणी बंद झालं असं आपल्याला वाटतं, पण चाव्या उघड्या असतील तर पूर्ण नळीत लाइनचं प्रेशर तसंच उभं असतं. रात्रभर, गावाला गेलात तर आठवडाभर. त्या वेळात नळी फुटली किंवा जोड सुटला तर किचनभर पाणी. दुसरं म्हणजे गरम आणि गार दोन्ही चाव्या उघड्या आणि पुढे स्प्रे बंद, म्हणजे नळाच्या पोटात दोन्ही लाइन एकमेकींना जोडल्या गेल्या. ज्या बाजूचं प्रेशर जास्त ते पाणी दुसऱ्या लाइनमध्ये घुसतं, मग बाथरूममध्ये गरम पाणी कोमट येतं आणि आपण बिचाऱ्या गिझरला दोष देत बसतो. आमच्या ओळखीच्यांकडे हेच झालं होतं, गिझर दोनदा उघडून बघितला आणि कारण निघालं किचनमध्ये. म्हणून प्री-रिन्स टाइप बसवायचाच असेल तर दोन्ही लाइनवर नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणारे व्हॉल्व्ह, हवेतच, आणि काम झालं की खालच्या चाव्या बंद करायची सवय घरातल्या प्रत्येकाला लागायला हवी. त्याशिवाय दांडा झटकन सोडला की पाणी एकदम अडतं आणि पाइपमध्ये धाड आवाज येतो, पाइप क्लॅम्पने नीट बांधलेले नसतील तर हा आवाज जास्तच जाणवतो.

अजून एक गैरसमज. कमर्शियल म्हणजे जास्त पाणी असं बऱ्याच जणांना वाटतं. अमेरिकेत घरगुती किचन नळाला मिनिटाला जास्तीत जास्त २.२ गॅलन म्हणजे सुमारे ८.३ लिटरची मर्यादा आहे आणि प्री-रिन्स स्प्रेला २००६ मध्ये १.६ गॅलन म्हणजे साधारण ६ लिटरची मर्यादा आली, २०१९ मध्ये ती आणखी कमी केली. म्हणजे हॉटेलवाला स्प्रे पाणी कमीच सोडतो, पण बारीक भोकातून जोरात सोडतो म्हणून खरकटं उडतं. त्यामुळे पातेलं भरायला तो स्प्रे एकदम कंटाळवाणा, म्हणून तर त्या युनिटला खाली वेगळी तोटी जोडून घेतात.

हे आकडे मोजतात ६० पीएसआय प्रेशरला, म्हणजे सुमारे ४.१ बार (पीएसआय आणि बार ही दोन्ही प्रेशर मोजायची मापं). आता तुमच्या घरात पाणी छतावरच्या टाकीतून नुसतं उतारावर येत असेल तर हिशोब बघा, पाण्याच्या १० मीटर उंचीला साधारण १ बार मिळतो, म्हणजे टाकी नळापेक्षा ३ मीटर वर असेल तर मिळणार ०.३ बार. एवढ्यावर कुठलाही स्प्रे, कितीही महाग असो, फवारा न मारता नुसता ओघळतो. स्प्रिंगवाला घेऊन हा प्रश्न सुटत नाही. आधी असं करा, आत्ता जो नळ आहे त्याची पुढची जाळी काढा, नळ पूर्ण उघडा आणि १ लिटरचं माप भरायला किती सेकंद लागतात ते मोबाइलवर मोजा. ६० ला त्या सेकंदांनी भागा, मिनिटाला किती लिटर ते कळेल. १० सेकंद लागले तर ६ लिटर. यावरून पाणी किती येतं ते कळतं, प्रेशर नेमकं कळत नाही, पण जाळी काढूनही १५-२० सेकंद लागत असतील तर पंप लावायचा विचार आधी करा आणि नळाचा नंतर. आणि कुठलाही नळ घेताना त्याच्या माहितीपत्रकात किमान प्रेशर किती लागतं ते लिहिलेलं असतं, ते वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

दुसरी मोजायची गोष्ट सिंकची खोली. नळ जितका उंच आणि सिंक जितकं उथळ तितके शिंतोडे जास्त, हे अगदी साधं आहे पण घेताना लक्षात राहत नाही. माझ्या अनुभवाने २० सेंटीमीटरपेक्षा उथळ सिंक असेल तर उंच स्प्रिंगवाल्याच्या नादी लागू नये, पुल-आउट बरा. ओटा, मागची भिंत, अंगावरचे कपडे, सगळं ओलं होतं आणि मग लोक नळ अर्धवट उघडून वापरतात, मग स्प्रे घेतला कशाला.

उंचीसाठी एक सोपी युक्ती आहे. ज्या मॉडेलचा विचार आहे त्याची उंची बघा, पुठ्ठ्याची तेवढीच गुंडाळी करा आणि सिंकच्या मागे भोकावर उभी करून दोन दिवस तशीच ठेवा. वरच्या कपाटाचं दार उघडतं का, खिडकी आत उघडणारी असेल तर अडते का, हे लगेच दिसतं. स्प्रिंगवाले घरगुती नळ ५०-६० सेंटीमीटरपर्यंत जातात, शिवाय स्प्रे वर ठेवताना हात वर न्यावा लागतो तेवढी जागा वेगळी. घरात कोणी बुटकं असेल किंवा वयस्कर असेल ज्यांचा खांदा दुखतो, त्यांना तो हूकमधून काढून परत अडकवता येतो का हे दुकानात त्यांनाच करायला सांगा. मला हा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो कारण नळ विकत घेणारा एक असतो आणि दिवसभर वापरणारा भलताच.

सिंकखाली वाकून पण बघा. पुल-डाउनच्या नळीला खाली एक वजन लावलेलं असतं, त्या वजनाने डोकं आपोआप परत वर जातं. खाली कचऱ्याचा डबा, साबणाच्या बाटल्या, अँगल कॉक (भिंतीतून येणारी लाइन बंद करायच्या छोट्या तोट्या) यांची गर्दी असेल तर वजन अडकतं आणि डोकं अर्ध्यात लोंबत राहतं, आणि लोकांना वाटतं नळ खराब निघाला. स्प्रिंगवाल्यात हा त्रास नाही कारण नळी वरच असते, हा त्याचा खरा फायदा. तोटा असा की त्या स्प्रिंगच्या वेटोळ्यांत तेलकट चिकट थर बसतो आणि तो ब्रशने घासून काढावा लागतो, रोज किचन वापरणाऱ्याने याचा विचार करावा.

धातूबद्दल थोडक्यात. अंग पितळेचं किंवा ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचं हवं, जस्ताच्या मिश्रधातूचे नळ स्वस्त असतात पण मुलामा उडाला की आतून लवकर खराब होतात. स्प्रेचं डोकं बहुतेक ठिकाणी प्लास्टिकचंच असतं, त्यात वाईट काही नाही, हलकं असतं आणि गरम पाण्याने चटका बसत नाही. पिण्याचं पाणी त्याच नळाचं असेल तर शिशाचं प्रमाण विचारा, अमेरिकेत २०१४ पासून पाणी लागणाऱ्या भागांत सरासरी ०.२५ टक्क्यांपेक्षा जास्त शिसं चालत नाही, तसं लिहिलेलं मॉडेल मिळालं तर उत्तम. आत पाणी चालू-बंद करणारं सिरॅमिक चकतीचं कार्ट्रिज आहे ना आणि ते नंतर सुटं मिळतं का, हे पक्कं विचारा. घरगुती लिव्हरमध्ये ३५ किंवा ४० मिलिमीटरचं कार्ट्रिज सर्रास असतं, पण एकाच मापाच्या कार्ट्रिजमध्येही उंची आणि खालचे खटके वेगळे असू शकतात म्हणून जुनं कार्ट्रिज सोबत घेऊनच दुकानात जावं.

मग घ्यायचा कुठला? रोजच्या तीन-चार माणसांच्या घरात पुल-डाउन किंवा पुल-आउट पुरतो, माझं मत स्पष्ट आहे. सिंक मोठं आणि खोल, प्रेशर चांगलं, वर जागा मोकळी, आणि मोठमोठी पातेली रोज धुवायची असतील तर कमर्शियल स्टाइल स्प्रिंगवाला जरूर घ्या, वापरायला मजा येते. खरा प्री-रिन्स मात्र घरून जेवणाच्या ऑर्डर करणाऱ्यांनी किंवा वेगळी धुण्याची जागा असणाऱ्यांनीच बघावा.

बसवताना प्लंबर असला तरी शेजारी उभे राहा. दोन्ही अँगल कॉक बंद करून जुना नळ काढला की नवीन जोडायच्या आधी अँगल कॉकखाली बादली धरून पाणी मिनिटभर सोडा, पाइपातला गाळ निघून जातो, नाहीतर तो थेट नव्या कार्ट्रिजमध्ये आणि स्प्रेच्या भोकांत जाऊन बसतो. ज्या नळीच्या टोकाला रबरी वॉशर आहे तिथे टेफ्लॉन टेप लावायची नाही, वॉशरच पाणी अडवतो, आणि पान्ह्याने जीव खाऊन आवळायचं पण नाही, वॉशर चिरतो. स्प्रे कधीही खरकट्या पाण्यात बुडवून सोडू नका, लाइनचं प्रेशर अचानक गेलं तर ते पाणी उलटं पाइपमध्ये ओढलं जाऊ शकतं, म्हणून नळात उलट पाणी अडवणारा व्हॉल्व्ह आहे याची खात्री करा.

पाणी जड असेल तर भोकांवर पांढरे क्षार साचतात. रबरी भोकं असतील तर नुसत्या अंगठ्याने चोळली तरी मोकळी होतात. नाहीतर डोकं काढून भोकांचा भाग अर्धा तास पातळ व्हिनेगरमध्ये ठेवा आणि धुवा, पण काळ्या किंवा सोनेरी मुलाम्याला व्हिनेगर लागू देऊ नका, डाग पडतात.

सगळं जोडून झालं की सिंकखाली प्रत्येक जोडाच्या खाली कोरडा टिश्यू पेपर अंथरा आणि रात्रभर ठेवा. सकाळी कुठला ओला झालाय ते बघा, तो जोड पाव फेरा आवळा आणि परत एक रात्र तसंच करा.