रॉ फोटो कॉम्प्युटरवर फिका दिसतो? या चुका टाळा

कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर झकास दिसलेला रॉ फोटो (सेन्सरची मूळ माहिती जशीच्या तशी साठवणारी फाइल) कॉम्प्युटरवर उघडला की क्षणभर तसाच दिसतो आणि बघता बघता फिका पडतो. फाइल बिघडली असं समजून कित्येक जण इथेच रॉचा नाद सोडतात. तसं करू नका. क्षणभर दिसला तो रॉ फाइलच्या पोटातला जेपेग, कॅमेऱ्याने रंग, कॉन्ट्रास्ट, शार्पनिंग सगळं उरकून ठेवलेला. सॉफ्टवेअर मात्र सेन्सरच्या मूळ आकड्यांवरून आपल्या हिशेबाने फोटो नव्याने घडवतं. ब्लॅक अँड व्हाइट मोडवर काढलेला रॉ रंगीत उघडतो तोही यामुळेच. कॅमेऱ्यासारखेच रंग हवे असतील तर सॉफ्टवेअरमध्ये कॅमेऱ्याशी जुळणारं प्रोफाइल निवडा.

हिस्टोग्रामवर, म्हणजे फोटोतला उजेड-अंधार दाखवणाऱ्या आलेखावर, डोळे झाकून विसंबणं याहून महागात पडतं. रॉ काढत असलात तरी बहुतेक कॅमेऱ्यांत हिस्टोग्राम त्या जेपेगवरूनच बनतो. पांढऱ्या फुलाच्या पाकळ्या स्क्रीनवर लुकलुकू लागल्या, म्हणजे उजेड जास्त झाल्याचा इशारा आला, म्हणून मी बरेच दिवस एक्स्पोजर कमी करत राहिलो. मग सावल्या उजळताना नॉइज, म्हणजे दाणेदारपणा, वर यायचा. एकदा लुकलुकणारा फोटो तसाच ठेवला, घरी हायलाइट्सचा (उजळ भागांचा) स्लायडर डावीकडे ओढला आणि पाकळ्यांवरच्या बारीक शिरा परत आल्या! अर्थात तिन्ही रंगांची माहिती सेन्सरवरच उडाली असेल, तर काहीच परत येत नाही. कॅमेऱ्यातली पिक्चर स्टाइल (जेपेगच्या रंगरूपाची सेटिंग) न्यूट्रल ठेवून कॉन्ट्रास्ट कमी केला की हिस्टोग्राम रॉच्या बराच जवळ येतो.

सावल्या आपोआप उजळणारी सेटिंग्जही रॉ काढताना बंद ठेवा. काही कॅमेरे त्यासाठी मुळात एक्स्पोजरच कमी करतात, आणि सॉफ्टवेअरमध्ये रॉ काळपट उघडतो.

उलटी चूक म्हणजे जेपेगला रॉसारखं ताणणं. ८ बिटच्या जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. आकाश थोडं जास्त गडद केलं की जेपेगमध्ये पट्टे उमटतात. व्हाइट बॅलन्सही (पांढरा रंग पांढराच दिसावा यासाठीची सेटिंग) जेपेगमध्ये पक्का मुरलेला असतो. रॉमध्ये ती नुसती नोंद, कधीही बदला. म्हणून जेपेग काढायचा तर व्हाइट बॅलन्स बटण दाबण्याआधीच नीट लावा. सामन्याचे शेकडो फोटो लगेच द्यायचे असतील तर मीही जेपेगच काढतो.

आणि रॉ दुसऱ्या डिस्कवर हलवताना शेजारची एक्सएमपी फाइल मागे ठेवू नका. अनेक सॉफ्टवेअरमध्ये तुमचं सगळं एडिटिंग तिच्यातच असतं.