ब्राउजरला दिलेल्या जुन्या परवानग्या आधी काढून घ्या, मग नवीन काही टाका

स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात सारखं "तुमच्या कंप्युटरमध्ये व्हायरस सापडलाय" असं वर येत असेल तर आधी घाबरू नका, आणि त्यावर क्लिक तर अजिबात करू नका. बहुतेक वेळा तो व्हायरस नसतोच. कधीतरी एखाद्या साइटने नोटिफिकेशन पाठवू का असं विचारलेलं असतं, किंवा "तुम्ही रोबोट नाही हे दाखवायला अलाउ दाबा" असं सांगून फसवलेलं असतं, आणि आपण घाईघाईत अलाउ दाबून मोकळे झालेलो असतो. तेव्हापासून ती साइट उघडी नसली तरी ब्राउजरमार्फत जाहिराती पाठवत राहते. मग अँटीव्हायरसने कितीही स्कॅन करा, काही सापडत नाही, कारण परवानगी आपणच दिलेली असते.

म्हणून ब्राउजर आपल्या मनासारखा करायचा असेल तर थीम, वॉलपेपर, नवीन एक्स्टेन्शन (ब्राउजरला जोडायचा छोटा प्रोग्राम) हे सगळं नंतर, आधी कोणाकोणाला काय काय परवानगी दिलीय ते बघायचं.

क्रोममध्ये वर उजवीकडच्या तीन ठिपक्यांवर क्लिक करून सेटिंग्ज, मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स. तिथं अलाउ केलेल्या साइटची यादी दिसेल, त्यात अनोळखी नाव दिसलं की ब्लॉक करा. खरं तर मेल किंवा चॅट सोडलं तर कुठल्याच साइटला नोटिफिकेशनची गरज नसते असं माझं स्पष्ट मत आहे, त्यामुळे त्याच पानावर साइट्सना विचारूच द्यायचं नाही असा पर्याय आहे तो निवडून टाका. फायरफॉक्समध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये परमिशन्स नावाचा भाग आहे, तिथं हेच सगळं करता येतं. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउजरमध्ये मेनू थोडा वेगळा आहे, सेटिंग्जच्या सर्चमध्ये नोटिफिकेशन्स टाइप केलं की सापडतं. तिथं गेलाच आहात तर लोकेशन, कॅमेरा आणि मायक्रोफोनच्या याद्याही बघून घ्या.

आता एक्स्टेन्शन, इथं जरा वेळ काढा. एक्स्टेन्शन टाकताना ब्राउजर एक वाक्य दाखवतो, की हे सगळ्या वेबसाइटवरचा तुमचा सगळा डेटा वाचू आणि बदलू शकतं. आपण ते वाचत नाही पण त्याचा अर्थ शब्दशः तोच आहे, म्हणजे मेलमधला मजकूर, फॉर्ममध्ये टाइप केलेली माहिती, बँकेच्या पानावरचे आकडे, सगळं त्याला दिसू शकतं. अ‍ॅडब्लॉकरला, म्हणजे जाहिराती अडवणाऱ्या एक्स्टेन्शनला, हे लागतं कारण त्याचं कामच पानात बदल करायचं आहे, पण साध्या कॅल्क्युलेटरने किंवा स्क्रीनशॉटवाल्याने हे कशाला मागावं?

आणि आज चांगलं असलेलं एक्स्टेन्शन उद्याही चांगलं राहील असं नाही. द ग्रेट सस्पेंडर नावाचं एक्स्टेन्शन होतं, न वापरलेले टॅब झोपवून मेमरी वाचवायचं, लाखो लोक वापरत होते, २०२० मध्ये मूळ डेव्हलपरने ते दुसऱ्याला विकलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गुगलने मालवेअरच्या, म्हणजे घातक प्रोग्रामच्या, कारणावरून ते स्टोअरमधून काढलं. वापरणाऱ्यांनी काहीही चुकीचं केलं नव्हतं, एक्स्टेन्शन आपोआप अपडेट होत असतात आणि मालक बदललेला आपल्याला कळतही नाही. म्हणून गेल्या काही महिन्यांत जे वापरलं नाही ते डिसेबल करून ठेवू नका, सरळ काढा. जे ठेवायचंय त्याच्या डिटेल्समध्ये जाऊन साइट अ‍ॅक्सेस हा भाग बघा, तिथं ऑन क्लिक निवडलं की तुम्ही स्वतः त्याच्या आयकॉनवर क्लिक कराल तेव्हाच ते त्या पानाला हात लावेल. टॅब झोपवायचं काम तर आता क्रोममध्ये मेमरी सेव्हर आणि एजमध्ये स्लीपिंग टॅब्स स्वतःच करतात.

एक अ‍ॅडब्लॉकर मात्र जरूर ठेवा, कारण फसवी डाउनलोडची बटणं बऱ्याचदा जाहिरातींमधूनच येतात. फायरफॉक्समध्ये यूब्लॉक ओरिजिन नावाचा अ‍ॅडब्लॉकर पूर्ण ताकदीने चालतो, क्रोमने एक्स्टेन्शनचे नियम बदलल्यामुळे तिथं त्याचं लाइट व्हर्जन वापरावं लागतं, ते थोडं कमी करतं पण रोजच्या वापराला पुरतं. शोधताना नाव नीट बघा, सारख्या नावाची दुसरी पण असतात.

होमपेज किंवा सर्च इंजिन आपोआप बदललंय? फुकटचं एखादं सॉफ्टवेअर टाकताना नेक्स्ट नेक्स्ट दाबत गेलं की हे सोबत येतं. आधी एक्स्टेन्शन बघा, मग सर्च इंजिन आणि ऑन स्टार्टअपचं सेटिंग. तरी तीच साइट उघडत असेल तर डेस्कटॉपवरच्या ब्राउजरच्या शॉर्टकटवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधलं टार्गेट वाचा, शेवटी एखाद्या साइटचा पत्ता चिकटवलेला असेल तर तेवढा पुसा. तेही नाही जमलं तर रिसेट सेटिंग्ज करा. क्रोममध्ये रिसेट केल्यावर बुकमार्क, हिस्टरी आणि सेव्ह केलेले पासवर्ड राहतात, एक्स्टेन्शन बंद होतात आणि कुकीज जातात, म्हणजे सगळीकडे परत लॉगिन करावं लागेल, तेवढी तयारी ठेवा.

सध्याचा सगळ्यात वाईट प्रकार वेगळाच आहे आणि तो घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. पानावर रोबोट नसल्याची खात्री करायची म्हणून एक खिडकी येते आणि ती म्हणते विंडोज आणि आर दाबा, मग कंट्रोल व्ही, मग एंटर. त्या पानाने तोपर्यंत एक कमांड तुमच्या क्लिपबोर्डमध्ये (कॉपी केलेलं जिथं साठतं तिथं) गुपचूप कॉपी केलेली असते, आणि या तीन स्टेपमध्ये तुम्ही स्वतःच्या हाताने ती चालवता, त्यातून पासवर्ड चोरणारा प्रोग्राम आत येऊ शकतो. खरा कॅप्चा, म्हणजे रोबोट नसल्याची खरी तपासणी, ब्राउजरच्या बाहेर काहीही करायला सांगत नाही. कधीच नाही. असं पान दिसलं की टॅब बंद करा, बस.

तसंच पूर्ण स्क्रीन भरून मोठा आवाज आणि "या नंबरवर फोन करा" असं आलं तर तो नंबर खोटाच समजा, मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर नसतो. एस्केप बटण थोडा वेळ दाबून धरा, नाही जमलं तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउजर बंद करा, आणि परत उघडल्यावर जुने टॅब रिस्टोर करू का विचारलं तर नको म्हणा.

साइटच्या पत्त्याशेजारी दिसणाऱ्या कुलपाच्या चित्रावर पण फार विसंबू नका. कुलूप म्हणजे तुमच्या आणि साइटच्या मधलं बोलणं तिसऱ्याला वाचता येत नाही इतकंच, समोरची साइट खरी आहे असा त्याचा अर्थ होत नाही, फसव्या साइटलाही त्यासाठी लागणारं सर्टिफिकेट फुकट मिळतं. क्रोमने तर २०२३ मध्ये ते कुलूप काढूनच टाकलं. त्यापेक्षा पत्ता वाचायला शिका. सुरुवातीच्या दोन स्लॅशनंतर जो पहिला एकटा स्लॅश येतो त्याच्या लगेच आधीचा भाग खरा मालक सांगतो, बँकेचं नाव पत्त्याच्या सुरुवातीला असून काही उपयोग नाही. पासवर्ड मॅनेजरचा, म्हणजे पासवर्ड साठवून आपोआप भरणाऱ्या प्रोग्रामचा, मोठा फायदा इथंच आहे, तो नाव नाही तर पत्ता जुळवून बघतो, त्यामुळे नेहमी आपोआप भरला जाणारा पासवर्ड एखाद्या दिवशी भरला गेला नाही तर स्वतः टाइप करायच्या आधी पत्ता परत वाचा. मेलच्या अकाउंटला टू स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एक तपासणी) लावाच, कारण बाकी सगळ्यांचे पासवर्ड रिसेट तिथूनच होतात, आणि ती दुसरी तपासणी जमली नाही तर वापरायचे बॅकअप कोड कागदावर लिहून ठेवा.

इन्कॉग्निटोबद्दल, म्हणजे ब्राउजरच्या खासगी खिडकीबद्दल, थोडक्यात, त्याने फक्त तुमच्या कंप्युटरवर हिस्टरी राहत नाही, इंटरनेट देणाऱ्या कंपनीला तुम्ही कुठल्या साइटवर जाताय ते दिसू शकतं.

राहिलं अपडेट. ब्राउजर अपडेट स्वतः डाउनलोड करतो पण ते लागू होतं बंद करून परत उघडल्यावर, आणि बरेच जण टॅब जातील या भीतीने ब्राउजर बंदच करत नाहीत. ऑन स्टार्टअपमध्ये जिथं थांबलो तिथून सुरू करा हा पर्याय लावा, टॅब जसेच्या तसे परत येतात, आणि चुकून एखादा बंद झालाच तर कंट्रोल, शिफ्ट आणि टी.